लिधं म्हणजे घेतलं

माझ्या थोरल्या भावाचं नाव सुपडू. त्याच्याआधी मायची दोन लेकरं गेली होती, म्हणून हा जन्मला तसा त्याला सुपात घालून ओढला आणि नाव ठेवलं सुपडू. असलं नाव ठेवलं की पोराला मरणाची नजर लागत नाही म्हणतात. मरणाची नाही लागली, शाळेची लागली. मी सिंधू, त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. मी नंदुरबारकडच्या एका कॉलेजात तीस वर्षं समाजशास्त्र शिकवलं. 'तरुण मुले गुन्हेगारीकडे का वळतात' हे प्रकरण दरवर्षी माझ्याच वाट्याला यायचं, कारण मी ते फार छान शिकवते असं सगळे म्हणत. छान! त्या वर्गात मी माझ्या भावाचं नाव एकदाही काढलं नाही. आता निवृत्त झाले, कुणाच्या बापाला भीत नाही, तेव्हा एकदाचं सांगून टाकते.

आमचं गाव विसरवाडीपासून थोडं पुढे, हमरस्त्याला लागून. लागून म्हणजे गाव आत आणि आम्ही रस्त्यावर. आत मारुतीचं देऊळ, शाळा, मारवाड्याचं दुकान, शेतकऱ्यांची घरं. बाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना दहा-बारा पत्र्याची घरं, दोन ढाबे, एक चहाची टपरी आणि माझ्या बापाचं पंक्चरचं दुकान. बापाला आम्ही बा म्हणायचो. दुकानाच्या पाठीमागे एक खोली, त्यात आम्ही चौघं. पहाटेपासून हवेच्या टाकीचं इंजिन धडधडायचं, रिंगवर घण पडायचा आणि ट्रकचे भोंगे तर विचारूच नका. माय चुलीपुढे बसल्या बसल्या भोंग्यावरून ओळखायची, हा सुरतेकडून आला, याला चहा लागेल. हा धुळ्याकडे चालला, हा थांबायचा नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वरून लसणाचा ठेचा, आणि तेल असलं तर त्यावर तेलाची धार. डाळीचे वाफवलेले फुनके आणि कढी केली की बा दुकान सोडून आत यायचा आणि हात धुतले तरी ग्रीसचा वास तसाच घेऊन जेवायला बसायचा. उन्हाळ्यात माय बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायची. ते वाळत टाकले की त्यांच्यावर रस्त्याची धूळ बसू नये म्हणून मी आणि सुपडू जुन्या ताडपत्रीची चार टोकं धरून उभे राहायचो, आणि ट्रक गेला की तो मुद्दाम टोक सोडून द्यायचा. मग माझी बोंब, मायची शिवी आणि त्याचं हसणं. आम्ही गरीब होतो का? होतो. पण ते आम्हाला शाळेत गेल्यावर कळलं.

गावातले लोक आम्हाला 'रोडवरची' म्हणत. नुसता पत्ता सांगितल्यासारखं म्हणायचे, पण त्यात सगळं आलं. कुणाची कोंबडी गेली, रोडवरच्यांकडे बघा. कुणाची पोरगी हसली, रोडवरच्या पोरांनी शीळ घातली असेल. दोनातला एक ढाबा गावातल्याच एका प्रतिष्ठिताचा होता आणि त्यात काय काय विकलं जायचं हे सगळ्यांना माहीत होतं, पण तो रोडवरचा नव्हता हां! तो संध्याकाळी आत आपल्या घरी जायचा. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून. गेल्याच वर्षी कॉलेजात एका सहकाऱ्याने माझ्यासमोर एका मुलाबद्दल म्हटलं, "मॅडम, तो फाट्यावरचा आहे, जरा लक्ष ठेवा." फाट्यावरचा! चाळीस वर्षांत शब्द बदलला फक्त.

आमच्या शाळेचे हेडसर देशावरून आलेले. वाईट माणूस नव्हता, उलट चांगलाच होता, आणि माझा राग त्याच्यावर आहे तो म्हणूनच. पांढराशुभ्र लेंगा-सदरा, हातात छडी क्वचित, आवाज मऊ. त्यांचा एकच हट्ट, शाळेच्या फाटकाच्या आत शुद्ध मराठी. आमची घरची बोली अहिराणी. वर्गात कुणाच्या तोंडून 'शे' निघालं की बाकावर उभं राहायचं आणि 'आहे, आहे, आहे' म्हणायचं. सुपडूचे पाय त्या बाकावर इतके वेळा गेले की बाकाला त्याच्या टाचांची ओळख झाली असेल. मी मात्र एकदाही उभी राहिले नाही. माझी जीभ लवकर वळली. घरी 'माले भूक लागनी', शाळेत 'मला भूक लागली', फाटक ओलांडलं की आपोआप बदल. हेडसर मला पुढच्या बाकावर बसवायचे, तपासणीला कुणी साहेब आले की मलाच वाचायला उभं करायचे. एकदा सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "सिंधूसारखी मुलगी त्या रोडवर जन्मावी हे एक आश्चर्यच." मी आनंदाने लाल झाले. घरी येऊन ते वाक्य मी मायला तीनदा सांगितलं. मायला त्यातला अपमान कळला नाही, आणि मला तर त्याहून नाही.

सुपडू दहावीला दुसऱ्यांदा बसला होता. अभ्यासात ढ, पण पळण्यात! पहाटे उठून तो विसरवाडीच्या दिशेने अनवाणी पळायचा, मैलाच्या दगडापर्यंत जाऊन परत. त्याला पोलीस व्हायचं होतं. भरतीत पळायला लागतं आणि पळणं तर आपल्या हातचं आहे, असा त्याचा हिशोब. ट्रकवाले त्याला ओळखायला लागले होते, भोंगा देऊन जायचे. त्याला एकच खंत, आपण किती वेळात पळतो ते कळत नाही. शाळेच्या खेळाच्या सरांकडे एक बटणाचं घड्याळ होतं, दाबलं की चालू, दाबलं की बंद. ते पाहून याच्या तोंडाला पाणी सुटायचं.

एके दिवशी दुपारी मी हापशीवरून पाण्याची कळशी घेऊन येत होते. ढाब्याच्या मागे एक ट्रक उभा होता. मी त्या ट्रकच्या अलीकडच्या अंगाला, आणि पलीकडे उकिडवे बसलेले सुपडू आणि एक पगडीवाला ड्रायव्हर. कळशी टेकवून वाकले तर चाकांच्या मधून मला सगळं दिसत होतं. सुपडूने खिशातून घडी केलेल्या नोटा काढल्या. टायर चढवून देण्याचे ड्रायव्हर लोक त्याच्या हातावर जे टेकवायचे ते त्याने कधीपासून साठवलं होतं, देवाला ठाऊक. ड्रायव्हरने गळ्यातली दोरी काढली, तिला बटणाचं घड्याळ. ते त्याने सुपडूच्या गळ्यात घातलं, पाठीवर थाप मारली आणि "दौड बेटा" असं काहीतरी बोलून हसला. सुपडूने तिथल्या तिथे बटण दाबून कानाला लावलं. बा रागावेल म्हणून तो लपून घेतोय हे मला कळलं, आणि त्याचं गुपित आपल्याला ठाऊक आहे याचीच मला मजा वाटली. मी कळशी सावरत मागच्या वाटेने घरी आले. मी पाहिलं हे त्याला कळलं नाही.

आठ-पंधरा दिवसांनी शाळेतलं घड्याळ हरवलं. आणि गावातल्या एका पोराने सांगितलं, सुपडूच्या गळ्यात आहे, पहाटे पळताना घालतो.

हेडसरांनी बाला बोलावून घेतलं. बा दुकानातून तसाच आला, हात काळे, खोलीत शिरताना चपला बाहेर काढून. सुपडूला वर्गातून आणलं. आणि थोड्या वेळाने मलाही शिपायाने बोलावलं, "पेन घेऊन ये." मला वाटलं वक्तृत्व स्पर्धेचं काहीतरी असेल. नवापूरला स्पर्धा होती आणि शाळेकडून माझं नाव जाणार होतं. मी आनंदाने गेले. आत खेळाचे सरही होते, आणि टेबलावर सुपडूकडून काढून घेतलेलं ते घड्याळ ठेवलेलं.

हेडसर अगदी प्रेमाने म्हणाले, "सुपडू, मी तुला मारणार नाही. फक्त खरं सांग. हे घड्याळ तू घेतलंस?"

आता इथे मला जरा थांबून सांगावं लागेल, नाहीतर बाहेरच्या वाचकाला कळणार नाही. अहिराणीत 'लेवानं' म्हणजे घेणं. पण आमच्याकडे कुणी नुसतं 'लिधं' म्हटलं की त्याचा अर्थ विकत आणलं, आपल्या पैशाने आणलं. "नवं लुगडं लिधं," "बैल लिधा," त्यात अभिमान असतो. चोरून आणलं तर 'उचली लयना', 'चोरी लयना', त्याला वेगळा शब्द. आणि सुपडूच्या डोक्यात 'घेतलं' हा काय, तर 'लिधं'चा शुद्ध मराठी अवतार. फाटकाच्या आत बोलायचा शब्द. बाकावर उभं राहायला नको म्हणून बोलायचा शब्द.

तो छाती काढून म्हणाला, "हो सर. मीच घेतलं."

असा ताठ! एखाद्याने विचारावं हा बैल तुझा का, आणि धन्याने मिशीवर हात फिरवून हो म्हणावं, तसा. माझ्या डोळ्यांसमोरून तो चेहरा जात नाही. त्याला वाटलं, सरांनी आपल्या खरेदीची चौकशी केली.

हेडसर खेळाच्या सरांकडे वळले, "बघा, लगेच कबूल झाला. पोरगा मूळचा वाईट नाही. संगत!"

मग सुपडूच्या लक्षात आलं. त्याचा चेहरा उतरला. घाबरल्यावर माणूस आपल्या आईच्या भाषेत जातो. "नई सर, तसं नई. मी इकत लिधं ना! मन्हा पैसानं लिधं!"

"मराठीत बोल."

"विकत... विकत घेतलं सर. ड्रायव्हरकडून."

"कोणता ड्रायव्हर? नाव काय? गाडीचा नंबर?"

त्याला कुठलं माहीत असणार! तो ट्रक त्या दिवशी गेला तो गेला. हेडसर हसले, रागावले नाहीत, आणि म्हणाले, "हे बघ बाळ, आधी म्हणालास घेतलं. आता म्हणतोस विकत घेतलं. थोड्या वेळाने म्हणशील सापडलं. असं करू नये. एक कागद लिहून दे, प्रकरण इथेच मिटेल. तुझं अक्षर वाचवत नाही. सिंधू लिहील. घरचंच माणूस आहे, बाहेर चर्चा नको."

सुपडूने बाच्या तोंडाकडे पाहिलं. बाने आयुष्यभर कागदाला भ्यायलेल्या माणसाच्या सुरात सांगितलं, "गुरुजी म्हनतस तसं लिखी दे भाऊ. कागद दिधा का मिटी जाई. सरशी वाद घालू नको." त्याचाही विश्वास होता की नाही, देव जाणे. त्यालाही नोटा कुठून आल्या ते माहीत नव्हतं.

आणि मी? मी तिथे उभी होते. साऱ्या जगात एकटीने पाहिलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, 'सर, मी बघितलं, त्याने पैसे दिले.' एवढंच. तोंडात मूग गिळून बसले. का? मुलगी घाबरली असेल, लहान होती, असं माझ्या नवऱ्याने मला समजावलं होतं. काही नाही. घाबरले-बिबरले नव्हते. मी ढाब्यामागे काय करत होते असं सरांनी विचारलं असतं. मग मी पण रोडवरची झाले असते. आश्चर्य राहिले नसते. नवापूरच्या स्पर्धेला दुसरी कुणी गेली असती. चौदा वर्षांच्या पोरीला हे सगळं एका क्षणात कळतं, कुणी काही म्हणो.

हेडसर सांगत गेले, मी लिहीत गेले. 'मी, खाली सही करणार, शाळेचे घड्याळ घेतले. ही माझी चूक झाली. पुन्हा असे होणार नाही.' लिहिताना माझं पेन एकदाच थांबलं. सांगू कशासाठी? मी 'चुक' लिहिलं होतं, ऱ्हस्व. मी विचारलं, "सर, चूकमधला चू दीर्घ ना?" त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. "पाहा," ते खेळाच्या सरांना म्हणाले, "ही पण त्याच घरातली!" मी खाडाखोड न दिसेल अशा बेताने उकार दीर्घ केला. एक 'विकत' हा शब्द त्या ओळीत सहज बसला असता. जागा होती.

सुपडूने सही केली. घड्याळ शाळेने ठेवून घेतलं.

घरी आल्यावर माय कडाडली, "मन्हा पोऱ्यानी चोरं नई! तुम्ही कागद लिखी देवाले गयात कसाले?" मग तिने विचारलं, "कोनी लिखं?" बाने माझ्याकडे बोट दाखवलं. माय एकदम शांत झाली. म्हणाली, "सिंधूनी लिखं? मंग चांगलंच लिखं व्हई." तिला अक्षर वाचता येत नव्हतं. ती पुन्हा भाकऱ्या थापायला बसली. मी त्या दिवशी जेवले, चांगली पोटभर जेवले, हेही लिहून ठेवते, उगाच सोवळं कशाला.

दीड महिन्याने शाळेचं घड्याळ सापडलं. लेझीमच्या पोत्यात होतं. शिपायाने पोतं झटकलं तशी दोरीसकट खाली पडलं. आता कुणाला वाटेल, हेडसरांनी सुपडूला बोलावलं असेल, कागद फाडला असेल, याचं घड्याळ याला दिलं असेल. नाही हो! कागद फाईलला लागला होता, आणि फाईलला लागलेला कागद काढायचा नसतो. आणि घड्याळ परत द्यायचं तर मग आपण चुकलो असं म्हणावं लागतं, ते पोरांसमोर कसं म्हणायचं? त्या वर्षीच्या खेळांना शाळेत दोन घड्याळं होती. एक सर सुरुवातीच्या रेघेवर, एक शेवटच्या. दोघांच्या गळ्यात एकेक. लोकांनी कौतुक केलं, शाळेची प्रगती म्हणून. सुपडूला पळू दिलं नाही. तो कुंपणाबाहेर उभा होता. आणि मी नवापूरहून आणलेला दुसऱ्या नंबरचा कप घेऊन मंडपात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता, तरी फाशी दिली, आणि संन्याशाची झोळी पण ठेवून घेतली!

पुढे कुणाच्या तरी ट्रकची बॅटरी गेली. चौकीतला जमादार शाळेत आला आणि सहज विचारलं, तुमच्याकडे असली कोणी पोरं आहेत का. शाळेने फाईल काढली. तो कागद, माझ्या अक्षरातला, वळणदार, एकही चूक नसलेला, जमादाराने वाचला. सुपडूला दोन दिवस चौकीत बसवलं. बॅटरी त्याच्याकडे सापडली नाही, कारण त्याने घेतलीच नव्हती, कुठल्याही भाषेत. पण नाव वहीत चढलं. त्यानंतर पंचक्रोशीत सुई हरवली तरी आधी आमचा पत्रा वाजायचा. टपरीवरची पोरं त्याच्यापासून सरकून बसायला लागली. ज्या ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवले तेच बाला सांगू लागले, पोराला गाडीजवळ येऊ देऊ नको. तो दहावी पास झाला. भरतीला गेला, पळण्यात पहिल्या दहात आला, पायाची सालं निघाली होती तरी हसत घरी आला. मायने शेवया केल्या. मग पडताळणीसाठी कागद आमच्याच चौकीत आले. संपलं. त्यानंतर मी त्याला पहाटे पळताना कधी पाहिलं नाही.

त्याच्याजवळ बसायला दोघं-तिघंच उरले होते, ज्यांची नावं त्याच वहीत होती. त्यांनी त्याला उभ्या ट्रकमधून नळीने डिझेल ओढायला शिकवलं. आता तुम्ही म्हणाल, बघा, केलीच ना शेवटी चोरी! हो, केली. वर्षभर केली, पकडला गेला, आठ महिने आत होता. माझा भाऊ चोर झाला. कुणी त्याला बिचारा म्हणून साखरेत घोळवू नये, डिझेल गेलेल्या ड्रायव्हरच्या पोटावर त्याने पाय दिलाच. पण पहिलं कोण चोर झालं, ते मी वर सांगितलं आहे.

तो आत होता तेव्हा मी एम.ए. करत होते. काय योग बघा! एका पुस्तकात लिहिलेलं, समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो आणि वाट काहींनाच देतो; ज्याला वाट नाही तो आडवाट धरतो. वाचलं आणि मला सुपडूची पहाटेची दौड आठवली. दुसऱ्या पानावर, गुन्हा हा भाषेसारखा संगतीत शिकला जातो. भाषेसारखा! हेडसर 'संगत' म्हणाले तेव्हा सुपडूची संगत कोणाची होती? माझी. मायची, बाची. खरी संगत त्याला लागली ती कागदानंतर. पुढे लिहिलेलं, घर-शाळा-शेजार यांचे धागे तुटले की पोरगा सैल सुटतो. तुटले म्हणे! आपोआप तुटतात का धागे? कात्री कुणाची ते लिहायला लेखकाची शाई संपली काय? आणि सगळ्यात शेवटी ते, की एखाद्यावर चोर म्हणून शिक्का मारा, जग त्याला चोरासारखं वागवेल, आणि एक दिवस तोही ते मान्य करेल. ते वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटलं, वसतिगृहाच्या मोरीत गेले आणि उलटी केली. दुसऱ्या दिवशी त्याच प्रश्नाचं उत्तर लिहून वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळवले. मी तशीच होते.

आणि मग तीस वर्षं तेच शिकवलं. फळ्यावर चार चौकटी, चार बाण, मुलं लिहून घेतात. मला राग त्या सिद्धांतांचा नाही, ते खोटे नाहीत. राग याचा की वर्गात चारहींचा उजेड पोराच्याच अंगावर पडतो. पोराचं घर, पोराची वस्ती, पोराचे मित्र. टेबलापलीकडे बसलेल्या पांढऱ्या सदऱ्याला काय हवं होतं, आणि पेन धरलेल्या हुशार मुलीला काय हवं होतं, याची एक वेगळी चौकट कुणी काढली नाही. मीही काढली नाही. मला शिक्का सोन्याचा मिळाला होता, तो मी कशाला पुसून टाकू! अगदी शेवटच्या वर्षापर्यंत पेपरात मुलं लिहायची, 'गरीब वस्तीतील मुले गुन्हेगार बनतात', आणि मी मुकाट्याने पूर्ण गुण द्यायचे. तळोद्याकडच्या डोंगरातून आलेली, घरी वेगळीच बोली बोलणारी मुलं माझ्या वर्गात हेच वाक्य आपल्याबद्दल सुंदर अक्षरात लिहायची. एकदा तरी किंचाळायला हवं होतं मी.

सुपडू आता चिंचपाड्याच्या फाट्यावर असतो. बाचाच धंदा, पंक्चर काढतो. लग्न झालं, दोन मुलं मार्गी लागली. सुटून आल्यावर त्याने पुन्हा कधी कुणाच्या वस्तूला हात लावला नाही. माझ्याकडे दर महिना-दोन महिन्यांनी यायचा, कधी मोहाची फुलं, कधी तुरीच्या शेंगा घेऊन. 'मन्ही बहीन प्राध्यापक शे' असं गिऱ्हाइकाला सांगतो, हे मला वहिनीने सांगितलेलं. माझ्यावर त्याचा कधी राग दिसला नाही. मला वाटायचं, विसरला असेल. किंवा मोठ्या मनाने सोडून दिलं असेल. मी किती निर्लज्जपणे त्याच्या मोठेपणावर झोपत होते.

हे प्रकरण लिहून झालं तेव्हा ठरवलं, त्याला वाचून दाखवल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही. दिवाळीच्या आधी तो आला. मी चहा केला, समोर बसवला आणि वाचायला लागले. सुपात ओढल्याचं ऐकून हसला. ताडपत्रीचं टोक सोडायचो ते ऐकून म्हणाला, "तू लई बोंबलायची वं." मग हापशीचं, ट्रकचं, चाकांच्या मधून दिसल्याचं आलं. मी खाली मान घालून वाचत होते. त्याने हात वर केला.

"थांब. तू दखं?"

मी मान हलवली.

"पैसा देताना दखं?"

"हो."

तो हळूच बोलला, "मी आजपावतो समजे, तुलेबी वाटनं का मी चोरं. म्हनीसन तू लिखं. पोर लहान शे, सर सांगतस ते तिले खरं वाटनं, असं मी मन्हा मनले सांगं." चाळीस वर्षं त्याने मला याच एका गोष्टीसाठी माफ केलं होतं, की मला माहीत नव्हतं. "आनि तुले माहीत व्हतं?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार! मला वाटलं ओरडेल, शिव्या देईल, मला तेच हवं होतं. त्याने कप बशीत ठेवला, अर्धा चहा तसाच. दारात जाऊन चपला घातल्या. मी म्हटलं, "भाऊ, जेवून जा, फुनके केलेत." जिन्यावरून उतरताना त्याने कठडा धरला होता, गुडघे दुखतात त्याचे.

तेव्हापासून आला नाही. चारदा फोन केला. परवा पाचव्यांदा केला तर वहिनीने उचलला. "त्या जपेल शेतस, ताई," ती म्हणाली. झोपले आहेत म्हणे. दुपारचे बारा वाजले होते, आणि मागे घणाचा आवाज येत होता.